ओळीअखेर तुटलेले शब्द: सरसकट जोडावे, यादीने की हाताने?

जुन्या मराठी पुस्तकाचे ओसीआर (पानाच्या चित्रावरून संगणकाने मजकूर ओळखणे) केले की 'विद्या-' एका ओळीत आणि 'र्थ्यांनीं' पुढच्या ओळीत राहते. शोध घेतला तर शब्द सापडत नाही. जोडायचे मार्ग तीन. कोणताही घ्या, आधी पानावरची शीर्षके, पृष्ठांक आणि तळटीपा बाजूला काढा. नाहीतर पानाअखेरचा अर्धा शब्द सरळ पृष्ठांकाला चिकटतो. मूळ ओसीआर फाइलही जपून ठेवा.

सरसकट बदल सर्वांत झटपट: हायफन आणि त्यानंतरची नवी ओळ शोधायची, जागी काहीच ठेवायचे नाही. 'सेड' हा मजकूर बदलणारा प्रोग्राम एका वेळी एकच ओळ वाचतो, म्हणून साध्या आज्ञेने काहीच बदलत नाही. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेला -0777 हा पर्याय देऊन सगळी फाइल एकदम वाचायला लावा. हायफनानंतर मोकळी जागा किंवा विंडोजची दोन चिन्हांची ओळअखेर असली तरी शोध चुकतो. खरा धोका मात्र वेगळा. '१८५७-५८' चे '१८५७५८' होते, 'दोन-तीन' चे 'दोनतीन', आणि 'येणेंप्रमाणें:-' खालच्या पहिल्या शब्दाला जाऊन भिडते. हायफनच उडाल्यामुळे या चुका नंतर शोधायच्या तरी कशाने? निदान अंक, कोलन आणि विसर्ग यांच्यानंतर येणारे हायफन वगळा. नुसती शोधसूची करायची असेल तर एवढ्यावर भागते. वाचायची आवृत्ती काढायची असेल तर नाही.

आमची पसंती यादीला, आणि यादी त्याच पुस्तकातून काढलेली. ओळीच्या मधले सगळे शब्द गोळा करा. जोडलेले रूप यादीत असेल तर जोडा. 'ने-आण' सारखे हायफनसह रूप असेल तर हायफन ठेवून फक्त ओळ काढा. दोन्ही असतील किंवा एकही नसेल तर ती जागा माणसासाठी वेगळी लिहा. आजचा शब्दकोश इथे तोकडा पडतो: 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गाळलेले अनुस्वार या पुस्तकांत जागोजाग आहेत, 'नाहीं', 'करितां' त्याला चुकीचेच वाटणार. शिवाय प्रत्यय शब्दाला जोडून येत असल्याने रूपे अफाट. पुस्तिका छोटी असेल तर शब्द पुरेसे परत येत नाहीत. मग त्याच लेखकाच्या किंवा काळाच्या दुसऱ्या पुस्तकांची भर घाला.

हाताने जोडणे सर्वांत अचूक, पण मुद्रितशोधन तसेही होणार असेल तरच परवडते. विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या मुक्त ग्रंथालयावर) पानाच्या आतले शब्द जोडा, पानाअखेरचा हायफन मात्र तसाच सोडा. पाने एकत्र दाखवताना सॉफ्टवेअर तो काढून शब्द सांधते. तिथे 'आई-बाप' मधला खरा हायफन आला तर तोही गिळला जातो, तेवढी पाने तपासा.

सॉफ्ट हायफनची, म्हणजे शब्द कुठे तोडता येईल हे सांगणाऱ्या छुप्या खुणेची, पळवाट नको. तो दिसत नाही, पण कित्येक प्रोग्रामांत शोध अडवतो.

शिळाछापाच्या (दगडावरून छापलेल्या) कित्येक पुस्तकांत मात्र शब्द हायफनाशिवायच तुटतो. तिथे पहिले दोन्ही मार्ग बाद, हातानेच जोडावे लागते.