लाँचला ट्रॅक्शन कंट्रोल: चालू, मधला टप्पा की बंद?

लाँच म्हणजे ड्रॅग शर्यतीत उभ्या गाडीतून पूर्ण जोरात सुटणं. त्या वेळी चाकं जागच्या जागी फिरू लागली की इंजिनाचा जोर कापते ती प्रणाली म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल. ती पूर्ण चालू ठेवावी, मधल्या सैल टप्प्यावर की बंद, हा प्रश्न. आधी थोडा हिशेब, नाहीतर पुढची तुलना हवेतच राहील. मागच्या चाकांवर चालणारी, सतराशे किलोची, ५५० न्यूटन-मीटर टॉर्कची (म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोराची) मॅन्युअल टर्बो गाडी घेऊ. बीएमडब्ल्यूची सध्याची एम टू साधारण याच मापात बसते. पहिला गिअर आणि डिफरन्शिअल मिळून गुणोत्तर १४ च्या आसपास येतं. वाटेतली तूट वजा केली तरी पूर्ण थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबल्यावर) मागच्या दोन चाकांवर मिळून सुमारे २,००० किलोचा जोर पोहोचतो. कोरड्या, चांगल्या डांबरावर रोड टायर मात्र, वजन मागे सरकलं हे धरूनही, जेमतेम १,००० ते १,०५० किलो पेलतात. म्हणजे निम्मा टॉर्क कुणीतरी खायलाच हवा. खाणारे तिघेच: क्लच, तुमचा उजवा पाय आणि ट्रॅक्शन कंट्रोल. निवड करायची ती या तिघांतून.

हे सगळं बंदिस्त ठिकाणासाठी आहे. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होतात, तशा जागेसाठी. धावपट्टीच्या डांबरावर ड्रॅगस्ट्रिपसारखा चिकट रबराचा थर असेल असं गृहीत धरू नये. पहिल्या दहा मीटरांत धूळच जास्त भेटते.

पूर्ण चालू ठेवला तर काय होतं? गाडी उभी असते तेव्हा पुढच्या चाकांचा वेग शून्य, त्यामुळे घसरण टक्क्यांत मोजायला अर्थच नसतो. म्हणून सुरुवातीच्या क्षणी प्रणाली पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला थेट फरक बघते आणि मर्यादा भित्री ठेवते. फरक वाढला की आधी स्पार्क मागे ओढला जातो (ठिणगी उशिरा पडते, जोर घटतो), मग थ्रॉटल मिटतो, गरज वाटली तर मागचे ब्रेकही लागतात. इथवर तक्रार नाही, तिचं कामच ते.

वैताग पुढे आहे. टॉर्क कापण्याबद्दल माझी तक्रार नाही, परत देण्याबद्दल आहे. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी ही प्रणाली एकदा चाक फिरलेलं दिसलं की थ्रॉटल इंचाइंचानं उघडते. तेवढ्यात टर्बोचं बूस्ट, म्हणजे त्यानं इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, उतरतं. मॅन्युअलमध्ये क्लच त्या वेळी अर्धा सुटलेला असतो, त्यामुळे आरपीएम धाडकन दीड हजाराच्या खाली येतात आणि गाडी गुदमरते. पाय तळाला टेकलेला, पण खालून उत्तर नाही. पाऊण-एक सेकंदानं बूस्ट परततं तेव्हा क्लच पूर्ण बसलेला असतो, सगळा टॉर्क एकदम चाकांवर येतो, चाकं पुन्हा फिरतात आणि पुन्हा कात्री लागते. लाँचमध्ये असे दोन हेलकावे आले की ती धाव गेलीच समजा. पहिल्या साठ फुटांत गमावलेला ०.१ सेकंद पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीच्या शेवटी ढोबळमानानं दीडपट ते दुप्पट होऊन अंगावर येतो.

मधला टप्पा हा बहुतेकांना सुवर्णमध्य वाटतो. बीएमडब्ल्यूत एम डायनॅमिक मोड, फोक्सवॅगन-स्कोडात ईएससी स्पोर्ट. घसरण जास्त चालवून घेतो, शेपूट थोडी हलली तरी गप्प बसतो. नवख्यासाठी सुरुवात इथूनच करावी, यात दुमत नसावं. पण कात्री उशिरा लागते, एवढाच यातला फायदा. लागल्यावर टॉर्क परत यायला जवळपास तेवढाच वेळ जातो, निदान पायाला तरी फरक जाणवत नाही. शिवाय उशिरा लागलेली कात्री क्लच नुकताच बसत असताना येते, म्हणजे सर्वांत नको त्या वेळी. याला अपवाद दहा पायऱ्यांच्या एम ट्रॅक्शन कंट्रोलसारख्या प्रणालींचा. त्या स्टॅबिलिटी (गाडी तिरकी होऊ न देणारी प्रणाली) बंद ठेवून घसरणीची मर्यादा बांधून देतात आणि टॉर्क चटकन परत करतात. तुमच्या गाडीत असं काही असेल तर मधल्या पायरीपासून सुरुवात करा आणि पुढचे दोन परिच्छेद निवांत वाचा.

आता बंद. इथे एक घोळ हमखास होतो: ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चाक जागच्या जागी फिरणं बघते, दुसरी गाडी तिरकी होणं. फोर्ड मस्टँगमध्ये बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन जातो, काही सेकंद धरून ठेवलं की स्टॅबिलिटीही जाते. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत हलकं दाबलं तर मधला टप्पा आणि धरून ठेवलं तर दोन्ही बंद. सरळ रेषेच्या लाँचसाठी ट्रॅक्शन बंद, स्टॅबिलिटी चालू ही जोडी गाडी देत असेल तर माझा कल तिकडेच आहे. प्रत्येकाला ती मानवेलच असं नाही.

पद्धत अशी. मागच्या टायरची हवा ३४ वरून २९-३० पीएसआयपर्यंत उतरवा. त्याखाली गेलात तर रोड टायरच्या फक्त कडा टेकतात आणि बाजू डगमगते. पुढची हवा आहे तशी राहू द्या. बर्नआउट (चाकं मुद्दाम जागच्या जागी फिरवणं) दोन-तीन सेकंदांचा, फक्त धूळ झटकण्यापुरता. रोड टायर जास्त तापवला की गुळगुळीत होतो. समोर पाणी टाकलेलं असेल तर त्याला वळसा घाला, कारण नक्षीच्या खाचांत अडकलेलं पाणी थेट स्टार्ट लाइनवर येऊन सांडतं. मग २,५०० आरपीएम धरा. क्लच बाइट पॉइंटपर्यंत, म्हणजे तो पकडू लागतो तिथपर्यंत, आणा आणि तिथेच रोखा. थ्रॉटल थोडा वाढवत आरपीएमची सुई हलू देऊ नका. वर दिलेल्या गुणोत्तराला २,५०० आरपीएम म्हणजे ताशी २२ किलोमीटर, म्हणजे चांगल्या पकडीत साधारण सव्वा सेकंद क्लच घसरवायचा आणि त्यानंतर पूर्ण सोडायचा. थ्रॉटल तळाला न्यायचा तो पहिल्या गिअरच्या उत्तरार्धात, हळूहळू.

चाक किती फिरतंय हे कळायला क्लच बसल्यानंतरचा एक आकडा लक्षात ठेवा. ताशी ३० ला सुई ३,४०० वर हवी. ४,००० दाखवत असेल तर घसरण १५ टक्क्यांच्या पुढे गेली. रोड टायरची सर्वाधिक पकड साधारण १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान असते, म्हणजे कडेला आलात. ४,८०० म्हणजे नुसता धूर. पण वेग जीपीएस लॉगरवरून बघा. अनेक गाड्यांचा स्पीडोमीटर फिरणाऱ्या चाकांचाच वेग सांगतो, आणि चाकं फिरत असताना तोच खोटा पडतो.

बिघडतं कुठे? बहुतेकदा आरपीएममध्ये. ४,००० ला क्लच सोडून दिला की चाकं सुटतात, मग घाबरून पाय पूर्ण उचलला जातो आणि ट्रॅक्शन कंट्रोलनं केलं असतं तेच आपण हातानं करून ठेवतो. पाय उचलायचा नाही, एक-चतुर्थांश मागे घ्यायचा. दुसरी जागा पहिल्यातून दुसऱ्यात जाताना: बूस्ट भरलेलं असतं आणि क्लच झटक्यानं सोडला की शेपूट बाजूला जाते. स्टॅबिलिटी चालू ठेवायचा आग्रह याचसाठी. तिसरी म्हणजे व्हील हॉप, चाकाचं उड्या मारणं. मागून धड-धड-धड असे हादरे बसू लागले तर ती धाव तिथेच सोडा. हाफ शाफ्ट (चाकाला जोर पोहोचवणारे दांडे) आणि डिफरन्शिअलचे रबरी बुश यातच जातात. ट्रॅक्शन कंट्रोल चालू असला तरी हॉपमध्ये चाक क्षणात पकडतं आणि क्षणात सुटतं, त्यामुळे तोही बावचळतो. क्लचचा वास आला की किमान दहा मिनिटं गाडी सावकाश फिरवून गार करा. उभी करून ठेवू नका.

मग सुटण्याचं काम आपोआप करणारा लाँच कंट्रोल कशाला आहे, असं कुणी म्हणेल. ड्युअल क्लच गाडीत तोच वापरा. तिथे क्लच आणि टॉर्क एकाच मेंदूच्या हातात असतात आणि माणसाला तिथे करण्यासारखं फारसं उरत नाही. फॉर्म्युला वनमध्ये २००१ मध्ये परवानगी मिळालेला लाँच कंट्रोल २००४ पासून बंद झाला, ट्रॅक्शन कंट्रोल २००८ पासून. ही साधनं फार चांगली चालत होती, हे त्यामागचं एक कारणच. मॅन्युअलमधला लाँच कंट्रोल मात्र बहुधा नुसता आरपीएम धरून ठेवतो, क्लचचं काम तुमच्याच पायाकडे राहतं.

पुढच्या चाकांवरच्या गाडीला वरचा सल्ला लावू नका. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ सारख्या गाडीत वजन मागे सरकलं की पकड कमी होते, वाढत नाही. पूर्ण बंद केलात तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं आणि हॉप लवकर सुरू होतो. तिथे ईएससी स्पोर्ट आणि डीएसजीचा (तिच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचा) लाँच कंट्रोल, विषय संपला. चारही चाकांवरच्या गाडीत हा वाद जवळपास उरतच नाही. इलेक्ट्रिक गाडीत चालूच ठेवा: मोटरचा टॉर्क मिलिसेकंदांत कमी होतो आणि तितक्याच वेगानं परत येतो, त्यामुळे माझी मूळ तक्रारच तिथे लागू होत नाही. मोठ्या, बिनटर्बोच्या व्ही-एटमध्येही ती निम्मी होते, कारण बूस्ट पुन्हा भरायची वाट बघावी लागत नाही. अशी गाडी असेल तर मधला टप्पा मी म्हणतो त्यापेक्षा जास्त गुणाचा ठरू शकतो. ओल्या पट्टीवर सगळ्यांनाच पूर्ण चालू.

कोणतीही निवड करा, तीन धावा एकसारख्या काढून साठ फुटांचे आकडे मांडा. रोड टायरवर या जातीच्या गाडीला २.१ ते २.२ सेकंद म्हणजे बरं काम. बंद ठेवून एक धाव २.१ ची आणि पुढची २.५ ची येत असेल तर सध्या मधला टप्पाच तुमचा. आणि रांगेत थांबताना इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलंत तर ट्रॅक्शन कंट्रोल आपसूक चालू झालेला असतो; लाइनवर यायच्या आधी डॅशबोर्डवरचा, तो बंद असल्याचं सांगणारा पिवळा दिवा लागला आहे का, हे एकदा बघून घ्या.