मालक म्हणून समोर बसलेला माणूस त्या फ्लॅटचा भाडेकरू निघाला

पुण्यात जुने फ्लॅट घेऊन थोडं काम करून भाड्याने द्यायचे किंवा पुढे विकायचे, हे करणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण हे लोक आपल्यासारख्यांनाच शोधतायत. आपल्याला पैशाची नड असलेला, थेट भेटणारा मालक हवा असतो, मधे ब्रोकर नको, भाव जरा खाली. तो माणूस नेमका तसाच बनून येतो.

धानोरीतला टू बीएचके, जाहिरातीत 'अर्जंट विकणे, मालक स्वतः'. गेलो तर घरात बायको, मुलगी अभ्यास करत बसलेली, चहा झाला, म्हणाला होम लोनचे हप्ते थकलेत, बँकेने हात टाकायच्या आत विकून मोकळं व्हायचंय. इंडेक्स टू (खरेदीच्या दस्ताचा सरकारी नोंदीचा उतारा), लाईट बिल, मेंटेनन्सची पावती, आधार कार्ड, सगळीकडे नाव एकच. मी आयजीआरच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून दस्त शोधला, तर दस्त नंबर जुळला, नाव पण जुळलं. दस्त अस्सलच होता हो, खोटा होता फक्त आधारवरचा फोटो.

इसार अडीच लाख ठरला, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली. पैसे बायकोच्या खात्यावर घेतले, कारण काय तर माझ्या खात्यावर बँकेने होल्ड लावलाय, टाकले तर हप्त्यातच वळते होतील. पुढे मी एनओसीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो, ते म्हणाले अहो ते तर भाड्याने राहतात, मालक सोलापूरला असतात. पायाखालची जमीनच सरकली. वर गेलो तर दाराला कुलूप, फोन बंद.

खरे मालक आले तेव्हा सगळा उलगडा झाला. या माणसाने भाडेकरू म्हणून गोड बोलून एकेक कागद त्यांच्याकडूनच मागून घेतलेला, पोलिस व्हेरिफिकेशनसाठी आधारची झेरॉक्स, पासपोर्टसाठी लाईट बिल, मुलीच्या शाळेसाठी इंडेक्स टू. बिचाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवून दिले. म्हणजे भाडेकरू शोधताना पण तेवढीच काळजी घ्या, रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार हातात असताना भाडेकरूला तुमचा इंडेक्स टू लागतोच कशाला? आणि द्यायचीच वेळ आली तर झेरॉक्सवर आडवं लिहा कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख.

घेणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ई-सर्चमध्ये मालकाचं नाव कळतं, समोरचा माणूस तोच आहे का हे नाही कळत. त्यासाठी आधारवरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या ॲपमध्ये स्कॅन करा, चिकटवलेला फोटो तिथे लगेच उघडा पडतो. सेक्रेटरींना एनओसीच्या वेळी नाही, इसाराच्या आधी भेटा, विकणाऱ्याला सोबत घेऊन. तो टाळाटाळ करायला लागला की समजून जा. लोन आहे म्हणतोय ना, मग त्याच्यासोबत बँकेत जा आणि पैसे थेट लोन खात्यात भरा. बायको, मेव्हणा, मित्र, कोणाच्याच खात्यावर एक रुपया टाकू नका. आणि नोटरीच्या भरवशावर राहू नका, नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नाही. सब-रजिस्ट्रारकडे फोटो आणि अंगठा द्यावा लागतो म्हणून हे लोक दस्तापर्यंत जातच नाहीत, इसारातच काम उरकतात.

एफआयआर झालाय, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८, म्हणजे पूर्वीचं ४२०. त्याच फ्लॅटसाठी अजून दोघांनी इसार दिल्याचं पोलिस स्टेशनलाच कळलं, त्यातल्या एका काकांनी रिटायरमेंटचे पैसे घातलेत, त्यांचा चेहरा बघवत नव्हता. धानोरी, विश्रांतवाडी, लोहगाव या बाजूला असा 'अर्जंट' फ्लॅट दाखवून कोणी तुमच्याकडून इसार घेतला असेल तर लाजून गप्प बसू नका, नोटरीची कॉपी आणि बँक स्टेटमेंट घेऊन पोलिसात जा, जबाब द्या. तक्रारदार वाढले तर तपासाला जोर येतो, आणि तो माणूस आत्ता कुठल्यातरी दुसऱ्या मालकाकडे भाड्याचं घर बघत असणार.