घरच्यांसाठीची ग्रॅटिट्यूड डायरी, घ्यावी का?

रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा छापाच्या डायऱ्या ढिगाने मिळतात पण ही फक्त घरच्यांसाठी आहे आणि प्रश्न खरंच नेमके आहेत, म्हणजे "आज तुमचं कुठलं काम कुणी न सांगता करून टाकलं?" असं विचारलं की आठवायला लागतं, मोबाईल चार्जिंगला कोणी लावला, आपण येईपर्यंत जागं कोण होतं. सगळ्यात भारी आहे ते आभाराच्या पत्राचं पान, घरच्या कुणाला तरी लिहायचं आणि समोर बसून वाचून दाखवायचं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात असं पत्र स्वतः नेऊन दिलेल्या लोकांना पुढे महिनाभर जास्त आनंदी वाटत होतं. मी बाबांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले आणि मग कागदाची घडी करून पाकिटात ठेवली!! कागद मात्र पातळ आहे, शाईपेनाने लिहिलं की मागे उमटतं. आणि रोज लिहायची सक्ती नको होती, आठवड्यातून एकदा पुरे, नाहीतर तेच तेच लिहिलं जातं. बाकी डोळे झाकून घ्या, भावंडांना गिफ्ट द्यायला तर बेस्टच.