नैवाशा की नाकुरू? मुक्काम एकच असेल तर

केनियाच्या सहलीत नैरोबी आणि मसाई मारा यांच्यामध्ये बहुतेकांना एकच रात्र मोकळी मिळते, आणि ती नैवाशाला काढायची की नाकुरूला, यावर घरात खल सुरू होतो. दोन्ही सरोवरं एकाच खचदरीत, एकमेकांपासून सुमारे ७० किलोमीटरवर. दोन्ही उथळ, दोन्हींच्या भोवती जुने ज्वालामुखी. पण नैवाशाचं पाणी गोडं, नाकुरूचं खारं. तिथे काय दिसेल हे त्यावरच ठरतं.

नैवाशाला मलेवा आणि गिलगिल या नद्या मिळतात, बाहेर मात्र एकही नदी पडत नाही. तरी पाणी गोडं, कारण ते तळाच्या सच्छिद्र ज्वालामुखी थरांतून जमिनीखाली झिरपतं आणि क्षारही सोबत नेतं. म्हणून इथे पपायरस हे उंच पाणगवत वाढतं, मासे आहेत, माशांवर मत्स्यगरुड आणि पाणकावळे आहेत, काठाला पाणघोडे आहेत. सरासरी खोली जेमतेम ६ मीटर. क्रेसेंट आयलंड या चंद्रकोरीच्या आकाराच्या बेटापाशी मात्र तळ एकदम खाली जातो. ही चंद्रकोर म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखी विवराची पाण्याबाहेर राहिलेली कड! तिच्यावर जिराफ आणि झेब्रे चरत असताना आपण पायी हिंडू शकतो. शेजारच्या हेल्स गेट उद्यानात सायकल चालवता येते. सगळी सहल गाडीच्या खिडकीतून बघायची नसेल, तर माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे.

होडीत मात्र सकाळीच बसा. दुपारनंतर वारा सुटतो. नैवाशा हे नावच खवळणाऱ्या पाण्यासाठीच्या मसाई शब्दावरून आलंय. अंधार पडल्यावर काठावर फिरू नका, पाणघोडे तेव्हाच चरायला वर येतात. आणि फुलशेतीची प्लास्टिकची हरितगृहं काठावर दूरवर पसरलेली आहेत, ती डोळ्यांना खुपतात.

नाकुरूला फ्लेमिंगोंसाठी जायचं ठरवत असाल तर थांबा. गुलाबी काठाचे ते फोटो बहुतेक जुने आहेत. खाऱ्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ हे फ्लेमिंगोंचं अन्न. २०१० नंतर पाणी चढलं, खारटपणा उतरला, शेवाळ घटलं आणि पुष्कळ थवे बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे गेले. थोडे पक्षी दिसतीलही, पण त्यांच्या भरवशावर मुक्काम ठरवू नये.

गेंडा बघायचाच असेल तर मात्र नाकुरू. सरोवराभोवतीच्या १८८ चौरस किलोमीटरच्या कुंपणबंद उद्यानात काळे आणि पांढरे, दोन्ही गेंडे आहेत, आणि एका दिवसात ते दिसण्याची आशा नक्की ठेवता येते. चालायला अवघड जाणारे आजी-आजोबा बरोबर असतील तरी हेच सोयीचं, कारण इथे जवळजवळ सगळं गाडीतूनच बघायचं असतं.

दोन रात्री मिळाल्या तर दोन्ही नैवाशालाच काढा आणि एका दिवशी भल्या पहाटे निघून नाकुरू करून या.