अद्भुत, विज्ञान आणि इतिहासातले खून : दुसऱ्या वाचनानंतरचा अनुभव

पुस्तकाबद्दलचा अभिप्राय बहुतेक वेळा ते संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिला जातो. रहस्य नुकतंच उलगडलेलं असतं, डोकं त्याच जगात फिरत असतं आणि त्या भरात चार तारे सहज दिले जातात. मला काही महिने गेल्यानंतरचं मत लिहायचं होतं. गेल्या पावसाळ्यापासून रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत बसून मी अद्भुत, विज्ञान आणि ऐतिहासिक रहस्य अशा तीन प्रकारच्या कादंबऱ्या लागोपाठ वाचतेय. त्यातल्या ज्या मनात राहिल्या, त्या मुद्दाम पुन्हा वाचल्या. शेवट माहीत असताना पुस्तक हातात धरवतं का, हीच माझी कसोटी.

ज्या जगाला स्वतःचे कडक नियम आहेत आणि ते मोडले की कुणाला तरी भुर्दंड पडतो, तेवढीच पुस्तकं या कसोटीला उतरली. प्रकार कुठला याने फारसा फरक पडला नाही.

सुरुवात अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’पासून करते. 1968 सालचं हे पुस्तक किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने तर वाचावंच. सगळं जग बेटांचं. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं तर होडी हवी, आणि होडीला वारा हवा. जादूगार मंत्राने वारा बोलावू शकतो, पण शहाणा जादूगार ते टाळतो, कारण एका बेटावर पाडलेला पाऊस दुसरीकडचा दुष्काळ ठरू शकतो. हा भाग मी शेजारच्या तात्यांना सांगितला. तरुणपणी ते शिडाच्या होडीवर खलाशी होते. ऐकून घेतलं आणि लगेच विचारलं, “वारा हकडं वडलान तर तकडच्यांनी काय करायचा?” पुस्तक ज्या प्रश्नावर उभं आहे, तो त्यांनी एका वाक्यात मांडला. नायक गेड गर्वाच्या भरात एक सावली या जगात आणतो आणि मग अख्खं पुस्तक तिच्यापासून पळण्यात आणि शेवटी तिचा पाठलाग करण्यात जातं. पहिल्या वाचनात मी सावलीच्या मागे होते. दुसऱ्यांदा वाचताना होडीतले दिवस जास्त आवडले: गळणाऱ्या फळ्या, अंगावर सुकलेलं मीठ, अनोळखी बेटावर दार उघडणारी गरीब माणसं. पुस्तक लहान आहे आणि एक पानही फुकट गेलेलं नाही.

टोल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954–55 मध्ये तीन भागांत आली. पहिला भाग बऱ्याच जणांना संथ वाटतो. मला दुसऱ्यांदा तोच सगळ्यात आवडला, कारण जादूगार गॅन्डाल्फ अफाट सत्ता देणारी ती अंगठी स्वतःकडे ठेवायला का नकार देतो, हे तेव्हा खरं कळतं. ज्याची ताकद मोठी, त्याला धोकाही मोठा. हा नियम शेवटपर्यंत कुठेही सैल होत नाही. याउलट, लेखक अडला की नायकाला नवी शक्ती मिळते अशा बहुखंडी मालिका हल्ली पुष्कळ आहेत. त्या एकदा धावत वाचून होतात, पुन्हा उघडवत नाहीत. त्यांच्याबद्दल इतकंच.

विज्ञान कादंबऱ्यांत फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ (1965), म्हणजे एका कोरड्या वाळवंटी ग्रहाची गोष्ट, मी दोनदा वाचली, एकदा जुलैत आणि एकदा मेमध्ये. या दोन वाचनांत इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत पागोळ्यांच्या आवाजात वाळवंटाचं वर्णन वाचताना ते सगळं लांबचं आणि काल्पनिक वाटत होतं. पण आमच्याकडचं पाणी कातळावरून वाहून समुद्राला मिळतं, जांभा ते धरून ठेवत नाही, आणि मे उजाडेपर्यंत बाव, म्हणजे विहीर, तळाला जाते. टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या इथे दरवर्षी असतात. त्या दिवसांत तो प्रसंग पुन्हा वाचला: वाळवंटातल्या फ्रेमन लोकांचा नाईक स्टिल्गार ग्रहाचा कारभार घ्यायला आलेल्या ड्यूकसमोर मेजावर थुंकतो. ड्यूकची माणसं भडकतात. ड्यूकचाच एक सरदार पटकन त्याचे आभार मानतो आणि सांगतो की यांच्या शरीरातलं पाणी यांनी आपल्याला भेट दिलंय. एका थुंकण्यातून अख्ख्या समाजाचं अर्थकारण आणि शिष्टाचार समजतात. पुढे राजकारण आणि भविष्यवाणीचा पसारा फार वाढतो, उत्तरार्धात काही पात्रं नुसती मोहरे म्हणून वावरतात. तरी पाण्याचा हिशोब लेखक कधी विसरत नाही, म्हणून पुस्तक टिकतं.

मराठीत ही शिस्त मला जयंत नारळीकरांकडे सापडली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं, हे अनेकांना माहीत असेल. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही त्यांची कथा मी गणपतीच्या दिवसांत घरच्या मुलांना वाचून दाखवली. माणूस अवकाशाच्या एका पिळातून गेला तर आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होऊन येईल, एवढी एकच कल्पना. उजव्या हाताचा गोलंदाज डावखुरा होतो, सोंडेची दिशा बदलते. मुलांनी लगेच कागदाची पट्टी पिळून दोन्ही टोकं चिकटवली आणि बोट फिरवून पाहिलं. कथेनंतर मुलं स्वतः प्रयोग करायला बसली, ही मला विज्ञानकथेला मिळालेली मोठी पावती वाटते. ‘वामन परत न आला’ ही कादंबरीही अशीच एका गृहीतकाला चिकटून राहते. जमिनीत पुरून ठेवलेला जुन्या प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातल्या माहितीवरून यंत्रमानव घडवला जातो. त्यांची पात्रं मला थोडी सपाट वाटतात. बायकांच्या वाट्याला तर फारच थोडं येतं, आणि ही उणीव दुसऱ्या वाचनात जास्त बोचते.

माझं खरं मन रमलं ते ऐतिहासिक रहस्यात. इथे माझी अपेक्षा अशी की गुन्हा त्या काळाशिवाय घडूच शकता कामा नये. राजे-महाराजांचे पोशाख चढवून आजचाच खून सांगितला तर इतिहास नुसता पडद्यावर रंगवलेला राहतो. उम्बेर्तो एकोची ‘द नेम ऑफ द रोज’ (1980) या बाबतीत वरच्या पायरीवर. 1327 सालचा इटलीतला मठ, चक्रव्यूहासारखं ग्रंथालय आणि एकामागून एक मरणारे साधू. तपास करणाऱ्या विल्यमकडे चष्मा आहे. त्या काळी ही नवलाची वस्तू. तो चोरीला जातो आणि तपास अडतो, कारण समोरची बारीक अक्षरं त्याला वाचताच येत नाहीत. शेवट सांगत नाही. पहिली शंभर पानं जड आहेत. ती कमी करा असं एकोला सुचवलं गेलं होतं, त्याने नकार दिला. माझा सल्ला, ती पानं श्रावणातल्या निवांत दुपारी काढा, रात्री झोपेच्या तोंडावर नको.

ज्यांना हे फार वाटेल त्यांनी एलिस पीटर्सच्या ब्रदर कॅडफेलकडे जावं. बाराव्या शतकातलं इंग्लंडमधलं श्रूजबरी, मठातला औषधी वनस्पतींचा जाणकार साधू, एकूण वीस कादंबऱ्या. ‘मंक्सहूड’ (1980) मध्ये त्याने सांधेदुखीवर चोळायला केलेलं तेल जेवणात मिसळून माणूस मारला जातो. तेलात बचनागाच्या जातीची वनस्पती असते. जे बाहेरून लावलं तर औषध, तेच पोटात गेलं तर विष, हे परसातल्या झाडपाल्यावर वाढलेल्या कोकणी घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खुनामागे जमीन आहे, वारसाहक्काचा बारीक कायदा आहे. सामाईक सातबाऱ्यावर भावकीची भली मोठी यादी, खोती गेली तरी न मिटलेले वाद, हे ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना हे कारण आतपर्यंत पटतं.

म्हणूनच एक गोष्ट सलते. मराठीत ऐतिहासिक कादंबरी भरपूर आहे, रहस्यकथाही भरपूर आहे, पण दोन्ही एकत्र आणणारं फार थोडं माझ्या वाचनात आलंय. आणि सामग्री तर दारात पडलीय. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा 1886 मध्ये रत्नागिरीत आणला गेला आणि 1916 मध्ये इथेच वारला. मंडालेचा राजवाडा इंग्रजांनी घेतला तेव्हा त्याचं प्रसिद्ध माणिक नाहीसं झालं, आणि थिबाचा आरोप इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनवर होता. नजरकैदेतला राजा, हरवलेलं रत्न, पत्रव्यवहार करणारे गोरे अधिकारी, हे सगळं एका टेकडीवर. किंवा कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळपठारावरचा, तो प्रचंड कोरीव हत्ती घ्या, ज्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली, तरी ती कोरणारे कोण होते हे ठामपणे कुणी सांगू शकत नाही. यावर अद्भुत कादंबरी व्हावी, विज्ञान कादंबरीही व्हावी. आपल्या लेखकांनी बर्फातले किल्ले आणि ड्रॅगन थोडे बाजूला ठेवून सड्यावर यावं, असं मला मनापासून वाटतं.

वाचनाच्या सोयीबद्दल थोडं. पावसात कागद फुगतो, पुठ्ठ्याला बुरशी धरते, म्हणून जाडजूड इंग्रजी पुस्तकं मी ई-रीडरवर वाचली. वीज गेली तरी काम भागतं आणि अवघड शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे मिळतो. मराठी पुस्तकं मात्र कागदावरच. रत्नागिरीत राहणाऱ्यांनी नगर वाचनालयाचा सभासद व्हावं. 1828 सालचं वाचनालय आपल्या गावात आहे. विकत घेणार असाल तर एकदम संच घेऊ नका. पहिलं पुस्तक घ्या, दोन महिन्यांनी मधलंच एखादं प्रकरण उघडा, आणि वाचत गेलात तरच पुढचं मागवा. अर्थसीचा दुसरा भाग मी याच हिशोबाने मागवलाय.