बोर्ड उडालाच नव्हता, पंख्याखाली रुई अडकली होती

धरणगावला घराच्या पुढच्या खोलीत मी ऑनलाइन फॉर्म भरण्याचं आणि टायपिंगचं काम करते. दोन गल्ल्या सोडून जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. कापसाचा हंगाम लागला की सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पांढरं दिसतं. तीच रुई कॉम्प्युटरच्या डब्यातही शिरते, पण तिच्यामुळे मशीन बंद पडत असेल हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. माझे साडेसहा हजार गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

गेल्या मे महिन्याची गोष्ट. जळगावकडे तेव्हा पारा 45 च्या घरात असतो. मशीन सुरू केलं की दहा-पंधरा मिनिटं चालायचं, पंखा जोरात घरघरायचा आणि एकदम सगळं बंद. अर्धा तास थांबून बटण दाबलं की पुन्हा तेवढाच वेळ चालायचं. थंड असताना चालतं आणि तापलं की बंद पडतं, हे लक्षण लक्षात ठेवा. ते मी दुकानदाराला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

बारावीच्या निकालानंतरची गर्दी होती, दारात पोरं उभी. मी डबा चादरीत गुंडाळून एसटीने जळगावच्या एका दुकानात नेला. "ताई, ठेवून जा, आज खूप गर्दी आहे." संध्याकाळी फोन आला, "ताई, मदरबोर्ड उडाला. दुसरा टाकावा लागेल. उशीर केला तर डेटाही जाईल." लोकांचे दाखले, मार्कशीट, सगळं त्याच मशीनमध्ये होतं. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती आतली मुख्य पाटी. मी घाबरले आणि हो म्हणाले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, वर जीएसटी द्यावा लागेल. मग एका चिठ्ठीवर 'बोर्ड बदली 6,500' एवढंच लिहून दिलं. पैसे मी फोनवरून पाठवले. मशीन चाललं. मी दोन ओळखीच्यांना तेच दुकान सांगितलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

डिसेंबरात पुन्हा तेच सुरू झालं. शिरपूरला इंजिनिअरिंग करणारा भाचा सुट्टीत आला होता. त्याने आधी मशीन सुरू करताना डिलीटचं बटण दाबून बायोस, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा, उघडला. तिथे प्रोसेसरचं, म्हणजे मशीनच्या मुख्य चिपचं, तापमान दिसतं. नुसतं उघडं ठेवलं तरी आकडा चढत चढत 92 वर गेला. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचला की आधी वेग कमी करतो, तरी उष्णता उतरली नाही तर मशीन बंद होतं. म्हणजे बोर्ड खराब असण्याची गरजच नाही.

मग त्याने वायर काढून बाजूचं पत्र्याचं झाकण उघडलं. वरवर बरंच स्वच्छ दिसत होतं. पण प्रोसेसरवरचा पंखा सोडवला आणि मी बघतच राहिले. पंखा आणि त्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामध्ये रुई आणि धूळ यांचा करडा थर बसला होता, गोधडीच्या तुकड्यासारखा. चिमट्याने धरला तर अख्खा उचलून आला. दुकानात पंखा न काढता वरून ब्लोअर मारला असणार. त्याने वरची धूळ उडाली, थोडे महिने भागलं, आणि खालचा थर दाबून बसला.

पट्ट्यांचा तो ठोकळा काढला तर प्रोसेसरची उष्णता ठोकळ्याकडे नेणारी खालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. बोर्ड बदलायचा तर ठोकळा काढावाच लागतो आणि पेस्ट नवी लावावी लागते. भाच्याने माळ्यावरून बोर्डाचं जुनं खोकं मागवलं. खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि आतल्या बोर्डावरचा नंबर जुळवून पाहिला. "मावशी, देख, हाऊ बोर्ड तोच शे." एकही आकडा वेगळा नव्हता.

आणखी एक गोष्ट निघाली. खरेदीच्या बिलात 8 जीबी रॅम (ही कमी पडली की मशीन संथ चालतं) आहे, मशीनमध्ये 4 जीबीची पट्टी. मे पासून मशीन संथ झालंय, ते जुनं झाल्यामुळे, असं मी धरून चालले होते.

साफसफाईला तासही लागला नाही. मऊ ब्रश, हवेचा हातपंप आणि पेस्टची छोटी ट्यूब. हवा मारताना पात्यांना बोटाने धरायचं, पंखा भरधाव फिरू द्यायचा नाही, नाहीतर बेअरिंग जातं. मशीनला हात लावण्याआधी डब्याच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज तिथेच उतरते. पॉवर सप्लायचा बंद डबा मात्र उघडायचा नाही, वायर काढल्यावरही त्यात झटका बसेल एवढा करंट शिल्लक असू शकतो. नंतर बायोसमध्ये आकडा 44 वर थांबला.

दुकानात डबा देण्याआधी झाकण उघडून बोर्डाचा आणि रॅमचा स्टिकर मोबाइलवर टिपून ठेवा. बोर्ड बदलला म्हणाले तर जुना बोर्ड परत मागा, तो तुमचाच आहे. मी मागितला नाही.

दुकानदाराकडे गेले तर म्हणाला, "बिल दाखवा." माझ्याकडे चिठ्ठी आणि फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद आहे. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली, त्यानंतर त्याने दीड हजार परत केले आणि रॅमबद्दल कानावर हात ठेवले. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कागद जमवून ठेवलेत. सोमवारी जळगावला जाते आहे.