फॉर्म्युलेशन, क्लिनिकल रिसर्च की रेग्युलेटरी?

औषधविकासाच्या शिक्षणाकडे वळायचं ठरलं की बहुतेकांची गाडी या तीन शाखांपाशी अडते. माहितीपत्रकांत तिन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. फरक कळतो तो रोजच्या कामात.

फॉर्म्युलेशन म्हणजे औषधाला गोळी-कॅप्सूलचं रूप देणं; ते करणाऱ्याचा दिवस यंत्रांपाशी जातो. गोळी किती वेळात विरघळते ते पाहायचं, स्टॅबिलिटीसाठी, म्हणजे औषध किती टिकतं ते पाहायला, नमुने ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवायचे, अधूनमधून काढून तपासायचे. काम संथ आहे. कंटाळवाणं मात्र नाही. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये त्याचा कमी विरघळणारा, आधी कुणी न पाहिलेला स्फटिक तयार होऊ लागला आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रेणू तोच, फक्त स्फटिकातली मांडणी बदललेली! असली कोडी झोप उडवत असतील, तर ही शाखा तुमची.

क्लिनिकल रिसर्चमध्ये माणसं येतात, कारण औषधाची चाचणी त्यांच्यावरच होते. पहिल्या टप्प्यात साधारण २० ते १००, दुसऱ्यात काहीशे, तिसऱ्यात बऱ्याचदा हजारांवर. पण नवख्याच्या वाट्याला रुग्णांपेक्षा नोंदीच जास्त: रुग्णालयाचे कागद आणि चाचणीच्या फॉर्ममधले आकडे जुळतात का, संमतीपत्रावरची सही चाचणी सुरू होण्याआधीची आहे का. मॉनिटर, म्हणजे ठिकठिकाणी जाऊन चाचणीवर देखरेख करणारे, झालात तर प्रवासही आला. आणि माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतलं जेमतेम एक मंजूर होतं, हेही पचवावं लागतं.

रेग्युलेटरीला, म्हणजे औषधाला सरकारी मंजुरी मिळवण्याच्या कामाला, ‘कागदी काम’ म्हणून नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज १९६० मध्ये अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेकडे) आला, तेव्हा तिथल्या परीक्षक फ्रान्सेस केल्सी यांनी सुरक्षिततेचा पुरावा अपुरा म्हणून तो अडवून धरला. १९६१ च्या अखेरीस गरोदरपणी ते घेतलेल्या मातांच्या बाळांमधल्या जन्मजात व्यंगांमुळे ते औषध जर्मनीत मागे घेतलं गेलं. टेबलापलीकडे असा परीक्षक बसलेला आहे असं धरूनच कंपनीच्या माणसाने सीटीडीचे (मंजुरीच्या अर्जासाठी ठरलेल्या साच्यातल्या कागदपत्रांचे) पाच मॉड्यूल, म्हणजे भाग, रचायचे असतात. नेमकं लिहिता येत नसेल, तर इथे फिरकू नये.

ठरतच नसेल, तर माझं मत फॉर्म्युलेशनला. प्रयोगशाळेतून रेग्युलेटरीत जाता येतं. काही वर्षं फक्त कागदपत्रं हाताळून प्रयोगशाळेत परतणं फार अवघड. प्रवेश घेण्याआधी मात्र त्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा, यंत्रांना त्यांचा हात लागतो की प्रात्यक्षिक नुसतं दाखवलं जातं.